एका पायथन एक्स्टेंशनचं डेबियन पॅकेज : दसऱ्यापासून ट्रिक्सीपर्यंत

जून २०२३ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीचं १२, म्हणजे बुकवर्म आलं आणि आमच्या प्रयोगशाळेतली एक जुनी खोड मोडली. तोवर पायथनचं काही हवं असलं की पिप या पायथनच्या इन्स्टॉलरला हाक मारायची, 'सुडो पिप इन्स्टॉल' लिहायचं आणि कामाला लागायचं. बुकवर्मवर तीच कमांड दिली की पिप सरळ नकार देतं. हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातंय, एपीटीकडून, म्हणजे डेबियनच्या स्वतःच्या इन्स्टॉलरकडून घ्या, नाहीतर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनचा वेगळा कोपरा) करा, असं बजावतं. नियम योग्यच आहे. पिपने सिस्टिमच्या फाइलींवर फाइली चढवून ठेवल्यामुळे मशिन बसलेली मी पाहिली आहेत. पण आम्हाला जे एक्स्टेंशन हवं होतं ते एपीटीत नव्हतंच.

ते काय करतं ते थोडक्यात सांगते. आंबोली, गगनबावडा, राधानगरी अशा ठिकाणी ओळखीच्या काही मंडळींनी पर्जन्यमापक बसवले आहेत. त्यांच्या लॉगरमधून निघणारी फाइल बायनरी असते, नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. ती वाचणारं एक छोटं पायथन एक्स्टेंशन एका परदेशी सद्गृहस्थांनी पूर्वीच लिहून मोकळं केलेलं आहे. ते सगळं पायथनमध्ये असतं तर फोल्डर कॉपी करून भागलं असतं. पण वेगासाठी वाचनाचा भाग सी भाषेत आहे. तो कंपाइल होऊन जी 'डॉट एसओ' फाइल बनते तिच्या नावातच पायथनची आवृत्ती आणि प्रोसेसरची जात लिहिलेली असते. ३.११ साठी बनलेली फाइल ३.१३ ला चालत नाही. आणि डोंगरावरच्या त्या जुन्या संगणकांवर ना कंपायलर, ना धड इंटरनेट.

स्वतःपुरतं एक डेब पॅकेज बनवून पेनड्राइव्हवरून टाकणं सोपं होतं, आणि काही काळ आम्ही तेच केलं. पण मग पायथनची आवृत्ती बदलली की ते पुन्हा बांधायचं कोणी? डेबियनच्या मुख्य भांडारात पॅकेज गेलं की हे पुनर्बांधणीचं काम त्यांची यंत्रं करतात. मला हवं होतं ते एवढंच. हे सगळं लिहिण्याचं कारण असं की कमांड कुठेही सापडतात. पण कुठे किती थांबावं लागतं, मध्येच कोण काय विचारतं आणि वेळ खरा कशात जातो, हे मला सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी आयटीपी नोंदवली, म्हणजे 'हे पॅकेज करण्याचा माझा इरादा आहे' असं जाहीर केलं. डेबियनमध्ये इरादासुद्धा बग म्हणूनच नोंदवतात. त्यासाठी डब्ल्यूएनपीपी नावाचं एक आभासी पॅकेज आहे, त्याच्या नावावर बग टाकायचा. मजकुराचा साचा ठरलेला आहे : पॅकेजचं नाव, आवृत्ती, मूळ लेखक, संकेतस्थळ, परवाना, भाषा, एका ओळीचं वर्णन, मग सविस्तर वर्णन. 'रिपोर्टबग' हा प्रोग्राम सगळं विचारून घेतो आणि त्या नावाचं पॅकेज आधीच कोणी करायला घेतलं आहे का तेही दाखवतो. ईमेलच्या सेटिंगशी झटापट करायची नसेल तर त्याने तयार केलेला मजकूर उचलून आपल्या नेहमीच्या ईमेलमधून पाठवला तरी चालतो. फक्त साध्या टेक्स्टमध्ये पाठवा, रंगीबेरंगी सजावट नको. थोड्या वेळात बगचा नंबर येतो. तो जपून ठेवा, कारण पॅकेजच्या पहिल्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, 'हा बग बंद' असं लिहावं लागतं.

या पत्राची प्रत डेबियनच्या डेव्हलपर मंडळींना जाते. पाठवण्याआधी माझा हात जरा थबकला. जगभरातले इतके जाणते लोक, त्यात आपलं इंग्रजी. प्रत्यक्षात एकच उत्तर आलं. त्यात दोन प्रश्न होते : तुमच्याशिवाय हे कोणी वापरेल का, आणि पुढची काही वर्षं सांभाळणार कोण? दोन्ही रास्त. पहिल्याला मी खरं तेच लिहिलं, की त्याच कंपनीचे लॉगर इतर देशांतही आहेत आणि मूळ लेखकाकडे तिकडून प्रश्न येत असतात. दुसऱ्यावर त्यांनीच सुचवलं : एकटीने करू नका, पायथन टीममध्ये या.

टीममध्ये यायचं तर आधी सॅल्सावर खातं लागतं. सॅल्सा म्हणजे डेबियनचं स्वतःचं गिटलॅब, कोड ठेवायची आणि मिळून काम करायची जागा. तिथली नवी खाती माणसं तपासून मंजूर करतात, त्यामुळे अर्ज केल्या संध्याकाळीच काम सुरू होईल असं धरू नका. कशासाठी खातं हवं ते दोन ओळींत नीट लिहा. मग टीमची नियमावली वाचायची आणि 'वाचली, मान्य आहे' असं लिहून सदस्यत्व मागायचं. मी नियमावली दिवाळीच्या सुट्टीत, एकीकडे चकल्या तळत वाचली. लांबलचक नाही, पण प्रत्येक वाक्यामागे कधीतरी झालेलं भांडण असावं असं वाटत राहतं.

पॅकेज म्हणजे मूळ सोर्सच्या शेजारी ठेवलेलं 'डेबियन' नावाचं फोल्डर. 'रूल्स' फाइल तीन-चार ओळींची असते, कारण खरं काम डेबहेल्पर आणि पायबिल्ड ही तयार साधनं करतात. ती मेकफाइल आहे, तेव्हा आतल्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस नाही. 'कंट्रोल'मध्ये एक्स्टेंशनवाल्यांनी दोन गोष्टी पाहायच्या. बांधणीसाठी 'पायथन३-ऑल-डेव' मागायचं, म्हणजे त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या पायथन आवृत्त्यांसाठी सी कोड कंपाइल होतो. आणि आर्किटेक्चरच्या जागी 'ऑल' न लिहिता 'एनी' लिहायचं, कारण प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी वेगळी फाइल बनणार. या 'एनी'चा खरा अर्थ मला मार्चमध्ये कळला, पण ते पुढे येईलच.

पहिली बांधणी तासाभरात झाली. इथे हुरळून जाऊ नये. ती आपल्या मशिनवर झालेली असते आणि आपल्या मशिनवर नको त्या शंभर गोष्टी आधीच असतात. एसबिल्ड नावाचा प्रोग्राम दर वेळी अनस्टेबलच्या (डेबियनची नवी पॅकेजं आधी जिथे येतात ती शाखा) कोऱ्या सिस्टिममध्ये बांधतो आणि मगच कंट्रोलमध्ये काय लिहायचं राहिलंय ते बाहेर येतं. या कोऱ्या सिस्टिमींना जागा बरीच लागते. माझ्या लॅपटॉपची डिस्क भरली म्हणून साडेतीन हजारांचा एक एसएसडी घेतला. सगळ्या प्रकरणात खिशातून गेलेला पैसा तेवढाच. डेबियन कशाचीही फी घेत नाही.

त्या सुमारास अनस्टेबलमध्ये पायथन ३.१२ च्या जोडीला ३.१३ येत होतं. आमचं एक्स्टेंशन ३.१२ वर बांधलं जायचं आणि ३.१३ वर अडायचं. फाइल वाचताना प्रगती कळवण्यासाठी त्यात 'पायइव्हॅल कॉलऑब्जेक्ट' हे फार जुनं फंक्शन वापरलं होतं. पायथनने ते ३.९ मध्ये कालबाह्य ठरवलं आणि ३.१३ मध्ये काढूनच टाकलं. त्याऐवजी 'पायऑब्जेक्ट कॉलऑब्जेक्ट' लिहायचं, बस. पण हा बदल मूळ फाइलीत थेट करायचा नसतो. वेगळा पॅच करायचा, त्याच्या डोक्यावर कोणी, का, कधी केला ते लिहायचं आणि मूळ लेखकाला तो पाठवला की नाही हेही नोंदवायचं. मी पाठवला. दहा-बारा दिवसांनी 'धन्यवाद, पुढच्या आवृत्तीत घेतो' असं उत्तर आलं.

आता परवान्यांबद्दल, कारण नोव्हेंबर-डिसेंबर त्यातच गेले. 'कॉपीराइट' ही फाइल म्हणजे पॅकेजचा सातबारा : कुठला तुकडा कोणाच्या नावावर, कधीपासून, कोणत्या अटीवर. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर एमआयटी परवाना लिहिलेला होता, म्हणून मला वाटलं दोन ओळींत काम संपेल. फाइलींतले परवाने शोधणारं 'लायसेन्सचेक' चालवलं आणि एकेक फाइल उघडून वरचा मजकूर वाचत गेले, तेव्हा तीन गोष्टी निघाल्या.

एक, सीची एक फाइल दुसऱ्याच माणसाची होती, बीएसडीच्या तीन कलमी परवान्याखाली. ती फक्त नोंदवायची होती. दोन, एलझेड४ या कॉम्प्रेशन लायब्ररीची अख्खी जुनी प्रत आत कोंबलेली होती. डेबियनला असं चालत नाही. उद्या त्या लायब्ररीत सुरक्षेची चूक सापडली तर एकाच जागी दुरुस्ती व्हायला हवी, पन्नास पॅकेजांच्या पोटात शोधत फिरावं लागू नये. तेव्हा ती प्रत बाजूला ठेवून सिस्टिममधली लायब्ररी जोडायची. सेटअपच्या फाइलीत काही ओळींचा बदल.

तिसरी गोष्ट चिवट होती. चाचण्यांच्या फोल्डरमध्ये लॉगर बनवणाऱ्या कंपनीची माहितीपुस्तिका आणि नमुन्याच्या दोन फाइली होत्या. पुस्तिकेवर 'सर्व हक्क राखीव' असं छापलेलं. मूळ लेखकाला विचारलं तर त्यांनी सांगितलं की हे सगळं यंत्राच्या खोक्यातल्या सीडीवरून घेतलं आहे, परवाना कोणी कधी विचारलाच नाही. आपल्याला हे क्षुल्लक वाटतं. पण डेबियनच्या भांडारात जे जातं ते कोणीही घ्यावं, बदलावं, विकावं असं वचन १९९७ पासूनच्या सामाजिक करारात दिलेलं आहे. दुसऱ्याची पुस्तिका त्या वचनात बसवता येत नाही.

याचीही वाट घालून दिलेली आहे. कॉपीराइट फाइलीतच 'वगळलेल्या फाइली' अशी नोंद करायची. मग नवीन आवृत्ती उतरवताना 'यूस्कॅन' हा प्रोग्राम तेवढ्या फाइली काढून सोर्सचा गठ्ठा (टारबॉल) पुन्हा बांधतो आणि आवृत्तीला '+डीएफएसजी' (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वांचं लघुरूप) असं शेपूट लागतं. यादी पाहताना हे शेपूट दिसलं की समजावं, इथे कोणीतरी काहीतरी काढून टाकलंय.

नमुने गेले, म्हणजे चाचण्याही गेल्या. म्हणून मी त्या स्वरूपाच्या खोट्या फाइली तयार करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली : ठरलेला पाऊस, ठरलेल्या वेळा. ठिकाणाचं नाव त्या फाइलीत यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं बाइटांत मांडण्याच्या एका पद्धतीत, लिहिलेलं असतं. नुसतं 'स्टेशन वन' काय लिहायचं, म्हणून देवनागरीत 'आंबोली' लिहिलं. आंबोली महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी, तेव्हा शोभूनही दिसलं. हा निर्णय गमतीत घेतला होता, पण पुढे तोच कामाला आला.

लिंटियनबद्दल थोडक्यात. हा प्रोग्राम तयार पॅकेज तपासून चुकांची यादी देतो. प्रत्येक खुणेचा अर्थ विचारून घेता येतो आणि तो अर्थ बहुतेक वेळा तुटपुंजा नसतो. सगळ्याच खुणा मिटवायच्या असतात असं नाही. एखादी गोष्ट कळली नाही म्हणून ती 'ओव्हरराइड'ने झाकू नका, एवढं मात्र पाळा. सॅल्सावर टीमची ठरलेली सीआय (आपोआप चालणारी तपासणी) लावली की दर बदलाला बांधणी, लिंटियन, बसवून-काढून पाहणं, पुनरुत्पादनक्षमता (पुन्हा बांधलं तर तंतोतंत तेच निघतं का) हे सगळं तिथे तपासलं जातं. लाईट गेली तरी काम चालू राहतं, हा आमच्याकडचा आणखी एक फायदा.

डिसेंबरच्या मध्यावर पॅकेज माझ्या दृष्टीने तयार झालं. पण मी डेबियन डेव्हलपर नाही, त्यामुळे माझ्या सहीने काहीही वर चढत नाही. सही करणारा स्पॉन्सर शोधावा लागतो. टीममध्ये असल्याचा उपयोग इथे होतो. टीमच्या गप्पांच्या चॅनेलवर आणि पत्रांतून विचारलं, नाताळ संपेपर्यंत कोणी उत्तर दिलं नाही, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात युरोपातल्या एका डेव्हलपरने 'बघतो' असं लिहिलं. या अधल्या-मधल्या दिवसांत मन खट्टू होतं. आपण काहीतरी चुकीचं विचारलं का, पुन्हा आठवण करावी का, केली तर ती भोचकपणा ठरेल का. आता सांगते : दोन आठवड्यांनी एक सभ्य आठवण करायला हरकत नाही, कोणी रागावत नाही. ही सगळी माणसं आपली नोकरी सांभाळून हे करतात.

त्यांची पहिली तपासणी लांबलचक होती. पत्र आमच्या रात्री अकराला आलं आणि मी ते दीडपर्यंत वाचत बसले. वर्णनाच्या पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव पुन्हा नको. 'डेबियन' फोल्डरमधल्या फाइलींचा हक्क कोणाचा तेही लिहा, म्हणजे तुमचं नाव. सुरक्षेचे सगळे कंपायलर पर्याय चालू करा, कारण हे बाहेरून आलेल्या फाइली वाचणारं सी आहे. आणि पॅकेज बसवल्यानंतरही चाचण्या चालायला हव्यात, त्यासाठी ऑटोपीकेजीटेस्ट जोडा.

या शेवटच्यात एक्स्टेंशनवाल्यांसाठी एक खास अडचण असते. चाचण्या सोर्सच्या फोल्डरमधून चालवल्या तर पायथन आधी शेजारचं, न कंपाइल केलेलं फोल्डर पाहतं, त्यात 'डॉट एसओ' नसते, आणि इम्पोर्टच पडतो. बसवलेलं पॅकेज बिचारं वाट पाहत राहतं. फक्त चाचण्यांचं फोल्डर दुसरीकडे नेऊन तिथून चालवायचं. पायबिल्डची तयार सोय कंट्रोलमध्ये एका ओळीत चालू होते आणि ही काळजी तीच घेते.

दोन-तीन फेऱ्या झाल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी ब्रसेल्सला फॉस्डेम हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरतं, त्या सुमारास तिकडचं कोणी पत्रांना उत्तर देईल अशी अपेक्षा ठेवू नये. माझ्या नशिबाने त्याआधीच, जानेवारीच्या शेवटी, त्यांनी सही करून पॅकेज वर चढवलं.

वर चढवलं म्हणजे भांडारात गेलं असं नाही. भांडारात पूर्वी कधी नसलेलं प्रत्येक पॅकेज 'न्यू' नावाच्या रांगेत थांबतं. तिथे डेबियनच्या एका खास टीममधली माणसं (तेव्हा ती एफटीपीमास्टर टीम होती) ते उघडून वाचतात. कोड चांगला आहे का हा त्यांचा मुख्य प्रश्न नसतो. हे वाटायचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे का, हा असतो. म्हणून तर कॉपीराइट फाइलीवर एवढा जीव टाकायचा. रांग एका पानावर सगळ्यांना दिसते : कोणतं पॅकेज, किती दिवसांपासून. काही पॅकेजेस दोन दिवसांत जातात, काही महिनोन् महिने राहतात आणि त्यामागचा हिशोब बाहेरून लागत नाही. सुरुवातीला मी सकाळच्या चहाबरोबर ते पान उघडायची. आई विचारायची, 'झालं का गं पास?' मग मुद्दाम पाहणं सोडलं. घाई असेल तर या टप्प्याला हात लावता येत नाही, एवढं गृहीत धरूनच वेळापत्रक आखा.

घाई तशी होती. डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सीसाठी १५ एप्रिल २०२५ पासून सॉफ्ट फ्रीज, म्हणजे बदलांवरची मर्यादा, लागणार होता आणि त्यानंतर नवीन पॅकेजं टेस्टिंगमध्ये (पुढची आवृत्ती जिच्यातून घडते त्या शाखेत) घेत नाहीत. ती तारीख हुकली की पुढच्या आवृत्तीपर्यंत साधारण दोन वर्षं थांबायचं.

फेब्रुवारी संपता संपता 'अ‍ॅक्सेप्टेड' असं पत्र आलं. घरी शिरा झाला. दुसऱ्या दिवशी बांधणीयंत्रांचं पान उघडलं. 'एनी' लिहिलं होतं ना, तर डेबियन ज्या ज्या जातीच्या प्रोसेसरवर चालतं त्या प्रत्येकावर ते बांधायला घेतलं गेलं होतं. इंटेल, आर्म, पॉवर, रिस्क-फाइव्ह सगळीकडे हिरवं. एस३९०एक्सवर लाल.

एस३९०एक्स म्हणजे आयबीएमची मेनफ्रेम. ती बिग-एंडियन आहे, म्हणजे दोन बाइटच्या आकड्यातला मोठा बाइट आधी ठेवते. आपले नेहमीचे संगणक उलटं करतात. लॉगरची फाइलही आपल्यासारखीच, लहान बाइट आधी. मूळ कोडमध्ये फाइलीतले बाइट जसेच्या तसे स्ट्रक्चरवर कॉपी केले होते. इंटेलवर ते आपोआप जुळतं, मेनफ्रेमवर उलटतं. बांधणीच्या लॉगमध्ये लिहिलेलं होतं : अपेक्षित पाऊस ३०.० मिलिमीटर, मिळालेला ११२६.५. फाइलीत पाऊस मिलिमीटरच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ३००. त्याचे दोन बाइट उलटे केले की ११२६५ होतात. आंबोलीचा पाऊस कितीही म्हटला तरी दहा मिनिटांत एवढा नाही.

खालची ओळ त्याहून भारी होती. 'आंबोली' या नावाचं पार कडबोळं झालेलं. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराच्या युनिकोड क्रमांकात मोठा बाइट ०९ असतो. तो उलटून मागे गेला की 'आ'चं अरबी दरहजार चिन्ह होतं, अनुस्वाराचं दुहेरी आघात असलेलं रोमन अक्षर, 'ब'चं जुन्या स्लाव्ह लिपीतलं एक अक्षर, 'ल'चं कंसातलं कोरियन, आणि दोन्ही मात्रांच्या जागी चिनी अक्षरं. मी ते टर्मिनलवर बराच वेळ पाहत बसले. कोणत्या ओळीत काय बिघडलंय ते कळायला मात्र यामुळेच मदत झाली. आकड्यांचा आणि नावाचा दोष वेगवेगळ्या जागी होता.

आकड्यांसाठी 'एंडियन डॉट एच'मधली, लहान-बाइट-आधी मधून स्थानिक क्रमात आणणारी फंक्शनं लावली. नावाचा दोष आणखी बारीक. यूटीएफ-१६ उलगडणाऱ्या पायथनच्या सी फंक्शनला बाइटक्रम सांगायचा असतो. तिथे 'नल' (म्हणजे काहीच नाही) दिलं की ते मशिनचा स्वतःचा क्रम धरतं. मूळ कोडमध्ये 'नल'च होतं. त्या जागी उणे एक, म्हणजे लहान बाइट आधी, असं स्पष्ट दिलं.

मेनफ्रेम माझ्याकडे कुठली असायला? क्यूईएमयूने लॅपटॉपवरच एस३९०एक्सची नक्कल करता येते आणि त्यात डेबियन टाकून तिथेच बांधता येतं. कमालीचं हळू चालतं, पण चालतं. इंटेलवर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होणारी बांधणी तिथे लावून मी भाजी आणायला जायची.

स्पॉन्सरने एक दुसरा पर्यायही सांगितला होता : त्या आर्किटेक्चरवर पॅकेज नकोच असं लिहून टाका, कोणी तक्रार करणार नाही. मेनफ्रेमवर पर्जन्यमापकाची फाइल कोण वाचायला बसलंय, हे मलाही मान्य. तरी मला ते रुचलं नाही. तिथे चाचणी होती म्हणून चूक दिसली. चाचणी नसती तर चुकीचा पाऊस काही न बोलता छापला गेला असता. नोंदी वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये याहून वाईट काही नाही.

नाहीतरी दुसरं अपलोड करावंच लागणार होतं, आणि ही गोष्ट नव्या माणसाला हमखास माहीत नसते. 'न्यू'मध्ये जाताना सोर्ससोबत आपल्या मशिनवर बांधलेलं पॅकेजही द्यावं लागतं. पण माणसाने बांधून दिलेलं पॅकेज टेस्टिंगमध्ये जात नाही. डेबियनच्या यंत्रांनी बांधलेलंच जातं. म्हणून मंजुरी मिळाली की चेंजलॉगमध्ये आवृत्तीचा पुढचा क्रमांक टाकून निव्वळ सोर्स पुन्हा चढवायचं. 'अ‍ॅक्सेप्टेड'च्या आनंदात हे राहिलं तर पॅकेज अनस्टेबलमध्येच पडून राहतं. मी दोन्ही पॅच त्याच अपलोडमध्ये घातले. या वेळी रांग नाही, तपासणी नाही. स्पॉन्सरने सही केली आणि काही तासांत सगळीकडे हिरवं.

पुढचा प्रवास ट्रॅकर या डेबियनच्या संकेतस्थळावर पॅकेजच्या पानावर दिसतो. पॅकेज का अडलंय ते तिथे एकेका ओळीत लिहिलेलं असतं. सामान्य निकडीच्या अपलोडला पाच दिवस थांबवतात, स्वतःच्या चाचण्या सगळीकडे पास झाल्या तर कमी. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ते टेस्टिंगमध्ये गेलं. सॉफ्ट फ्रीजला जवळपास महिना बाकी होता, आणि ९ ऑगस्ट २०२५ ला ट्रिक्सी आलं तेव्हा त्यात ते होतं.

पावसाळ्यात डोंगरावरच्या मशिनना आम्ही हात लावत नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांवर ट्रिक्सी चढवलं आणि एपीटीने एक्स्टेंशन घेतलं. दरम्यान मूळ लेखकाने माझे पॅच घालून नवी आवृत्ती काढली, त्यामुळे पॅकेजमधले सगळे पॅच काढून टाकता आले. हे काम फार समाधानाचं असतं.

एक गोष्ट अजून राहिली आहे. दर अपलोडला मला स्पॉन्सर शोधावा लागतो. डेबियन मेंटेनर झालं तर आपल्या पॅकेजापुरती ती गरज संपते, पण त्यासाठी आपल्या जीपीजी किल्लीवर (डिजिटल सही करायची किल्ली) डेबियन डेव्हलपरांची सही लागते आणि ती बहुधा समोरासमोर ओळख पटवून करतात. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनचं संमेलन, कोचीला झालं, तेव्हा हे काम डोक्यातही नव्हतं. तुम्ही आत्ता सुरुवात करत असाल तर चार हजार शहाण्णव बिटची आरएसए किंवा एडवर्ड्स वक्रावर आधारलेली (ईडी२५५१९) किल्ली आजच बनवा, ती रद्द करण्यासाठी लागणारं प्रमाणपत्र छापून कपाटात ठेवा आणि बंगळूर, पुणे, केरळ अशा कुठल्या कार्यक्रमाला जाणार असाल तर किल्लीचा ठसा कागदावर लिहून, सरकारी ओळखपत्रासोबत नेत जा. माझा कागद पर्समध्ये आहे.